शोभिवंत माशांची अंडी पांढरी का पडतात? कारणांचा शोध आणि उपाय

उत्तर कोलकात्यातील गॅलिफ स्ट्रीट येथे दर रविवारी शोभिवंत माशांचा मोठा बाजार भरतो. हावडा, उत्तर २४ परगणा व दक्षिण २४ परगणा या जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे परसातील सिमेंटच्या टाक्यांत, काचेच्या पेट्यांत आणि लहान तळ्यांत या माशांचे प्रजनन करतात. अशा कुटुंबाच्या दृष्टीने एंजेल फिशच्या एका जोडीने दिलेली दोन-तीनशे अंडी म्हणजे पुढील काही आठवड्यांची मिळकत असते. ती अंडी एकाएकी पांढरी पडून त्यांवर कापसासारखी वाढ दिसू लागली, की ‘बुरशी लागली’ असे निदान होते आणि टाकीत औषध ओतले जाते. बहुतेक वेळा हे निदान अपुरे असते.

सॅप्रोलेग्निया ही पाण्यातील बुरशी प्रथम मृत किंवा अफलित अंड्यावर स्थिरावते. त्यानंतर तिचे तंतू शेजारच्या जिवंत अंड्यांना वेढतात व त्यांचा प्राणवायू तोडतात. म्हणजे बुरशी हा बहुधा नुकसानीचा दुसरा टप्पा असतो. म्हणून कोणते औषध द्यावे, याआधी अंडे केव्हा मेले, हे विचारले पाहिजे. त्या वेळेवरून कारण बरेचसे उलगडते.

पहिल्या २४ तासांत पांढरी पडणारी अंडी

फलित अंडे पारदर्शक, किंचित पिवळसर दिसते. अफलित अंडे साधारण एका दिवसात दुधाळ होते. जवळजवळ सर्वच अंडी पहिल्या दिवशी पांढरी झाली, तर दोष फलनात आहे. एंजेल फिशमध्ये नर-मादी बाह्यरूपावरून सहज ओळखता येत नाहीत. दोन माद्याही जोडी जमवून अंडी घालतात आणि ती सर्व वाया जातात. अंडी घालण्याच्या वेळी दिसणारी जननलिका पाहावी: नराची बारीक व टोकदार, मादीची रुंद व बोथट असते.

नर असूनही फलन कमी होत असेल, तर हवेचा प्रवाह तपासावा. गोड्या पाण्यात माशांचे शुक्राणू जेमतेम एखादा मिनिट सक्रिय राहतात; प्रवाह जोराचा असल्यास ते अंड्यापर्यंत पोहोचण्याआधीच वाहून जातात. तिसरे कारण पाण्याचा जडपणा. टेट्रासारखे मृदू पाण्यातील मासे जड पाण्यात अंडी घालतात. परंतु त्यांतील बरीचशी फलित होत नाहीत.

डोळे दिसू लागल्यावर मरणारी अंडी

अंड्यात दोन काळे ठिपके, म्हणजे पिलाचे डोळे, दिसल्यानंतर अंडी मरू लागली, तर फलन झालेले होते हे निश्चित. अशा वेळी जोडीला दोष न देता पाणी, तापमान व प्राणवायू तपासावेत. एंजेल फिशची अंडी २७ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात दोन ते तीन दिवसांत फुटतात. गोल्डफिश मात्र थंड पाण्यातील मासा असून त्याच्या अंड्यांना २० ते २४ अंश तापमान मानवते. कोलकात्याच्या एप्रिल-मे महिन्यांतील उन्हात उघड्या टाकीचे पाणी याहून बरेच तापते व पिले विकृत निपजतात.

कोलकात्याच्या नळाला येणाऱ्या पाण्यात क्लोरीन असते. ते पाणी उघड्या भांड्यात हवा सोडून २४ तास ठेवल्यावरच वापरावे. २४ परगण्यांतील अनेक कूपनलिकांच्या पाण्यात लोह असते. असे पाणी उपसताना स्वच्छ दिसते आणि हवा लागताच तांबूस होते. तो तांबूस गाळ अंड्यांवर बसतो. पाणी आधी हवेशी खेळवावे, गाळ बसू द्यावा व वरचे पाणी वाळूतून गाळून घ्यावे.

प्रसार रोखण्याची पद्धत

पांढरी अंडी रोज ड्रॉपरने किंवा चिमट्याने काढावीत. उरलेल्या अंड्यांवरून मंद प्रवाह राहील, अशा रीतीने हवेचा दगड ठेवावा. मिथिलीन ब्लू दर लिटरला १ ते २ मिलिग्रॅम पुरेसे असते. १० लिटर पाण्यास एक टक्का तीव्रतेचे द्रावण १ ते २ मिलिलिटर लागते. ते केवळ अंड्यांच्या वेगळ्या टाकीत वापरावे, कारण त्यामुळे गाळणीतील उपयुक्त जिवाणू मरतात. पिले पोहू लागण्यापूर्वी पाणी थोडे थोडे बदलून निळा रंग उतरवावा. मॅलाकाइट ग्रीन हे विषारी रसायन वापरू नये.

जिवंत खाद्य व कीटक

प्रजननापूर्वी दोन-तीन आठवडे डासांच्या अळ्या, रक्तअळ्या व डॅफ्निया दिल्यास मादीची अंडी सकस होतात. परंतु डबक्यातून आणलेल्या खाद्याबरोबर चतुराच्या अळ्या, पाणढेकूण व गोगलगायी टाकीत शिरतात. त्यांतील काही अंडी, तर काही पिले फस्त करतात. खाद्य बारीक जाळीतून गाळून, स्वच्छ पाण्यात धुऊन केवळ जनक माशांना द्यावे. अंड्यांच्या टाकीत ते टाकू नये. न खाल्लेल्या अळ्यांचे डास होऊ नयेत, म्हणून त्या लगेच काढाव्यात.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

महाराष्ट्रातही हीच तपासणी उपयोगी पडते. दख्खनच्या पठारावरील अनेक विहिरी व कूपनलिकांचे पाणी जड असते. टेट्रासाठी ते वापरायचे झाल्यास पहिल्या काही सरींनंतर साठवलेले स्वच्छ पावसाचे पाणी त्यात मिसळून जडपणा कमी करावा.

प्रत्येक उत्पादकास एक वही ठेवण्यास सांगावे. अंडी घातल्याची वेळ, पाण्याचे तापमान, २४ तासांनंतर १०० अंड्यांपैकी पांढरी किती, आणि डोळे दिसल्यावर मेलेली किती, एवढ्या चार नोंदी पुरेत. पहिल्या दिवसाचा आकडा मोठा असेल, तर जोडी, हवेचा प्रवाह व पाण्याचा जडपणा तपासावा. दुसरा मोठा असेल, तर तापमान, प्राणवायू व पाण्यातील क्लोरीन-लोह. अंडी काढून घेतल्यास सुदृढ एंजेल जोडी साधारण दोन आठवड्यांत पुन्हा अंडी घालते. गेलेली खेप परत येत नसली, तरी वहीतील नोंद पुढील खेप वाचवू शकते.