एकटा प्रवासी आणि हाँगकाँगचे बंदर

हाँगकाँगला गेलेला मनुष्य बहुधा प्रथम व्हिक्टोरिया शिखर गाठतो. ट्रामने वर जावे, खाली पाहावे, झाले! परंतु उंचावरून बंदराचा आकार कळतो, व्यवहार नाही. खिसा हलका असलेल्या एकट्या प्रवाशाने आधी स्टार फेरीत बसावे. बेट व कौलून यांना जोडणारी ही जलसेवा मूळ मुंबईहून गेलेल्या दोराबजी नौरोजी या पारशी गृहस्थांची. १८९८ पासून तिचे हे नाव. तिकीट खालच्या मजल्याचे घ्यावे, ते स्वस्त. बोटीची दोन्ही टोके सारखीच, म्हणून परतताना ती वळत नाही. उतारूच बाकाची पाठ पलीकडे लोटून तोंड फिरवून बसतात. कौलूनच्या धक्क्याजवळ १९१५ चा घड्याळाचा मनोरा आहे. त्याचे रेल्वेस्थानक १९७५ मध्ये हलले, पुढे पाडलेही गेले. मनोरा पाहून हवे तर पुन्हा बोटीत बसावे. ‘चला, उशीर झाला’ म्हणणारे सोबत कोणी नसते.