पावसाची वही

छंद या शब्दाकडे आपल्या गावातील वडीलमंडळी किंचित संशयानेच पाहतात. "अभ्यास सोडून पोराला नसता छंद लागला," हे वाक्य तुमच्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी काड्यापेट्यांवरील चित्रे, कोणी ओढ्यातील गुळगुळीत गोटे; आणि घरातील माणसे विचारतात, "याचा उपयोग काय?" खरे पाहता प्रत्येक छंदाला हा प्रश्न विचारू नये. ज्यात मन रमते ते तेवढ्यानेच चांगले असते. परंतु ज्यात मनही रमते आणि ज्याचा घराला आधारही होतो, असा एक छंद खेड्यातील मुलामुलींच्या अगदी हाताशी आहे. एक डबा, एक मोजपट्टी आणि एक वही एवढ्या साहित्यावर तो चालतो. तो छंद म्हणजे रोजचा पाऊस मोजणे व त्याची नोंद ठेवणे.

शेतकऱ्याच्या घरी वर्षभरात लहानमोठे अनेक निर्णय घ्यावे लागतात. कांदा आज बाजारात न्यावा की चाळीत ठेवावा, म्हैस विकावी की आणखी एक वेत पाहावे, अशा गोष्टींवर रात्री जेवणानंतर बराच वेळ बोलणे चालते. पण जून महिन्यातील एका निर्णयापुढे हे सारे लहान वाटतात. आज पेरावे की थांबावे? सात जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागते. पहिला बरा पाऊस झाला की शेजारच्या रानात पाभर चालू लागते आणि आपल्या घरी कोणाला चैन पडत नाही. लवकर पेरावे, तर मध्येच पाऊस उघडून कोंब करपण्याची भीती. उशीर करावा, तर घात निघून जाऊन पीक हलके येण्याची भीती. पेरणी वाया गेली म्हणजे बियाणे, खत, मजुरी सारे मातीत जाते आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा उसने पैसे शोधावे लागतात. मग त्या वर्षी मुलांच्या वह्यापुस्तकांपासून घरातील लग्नकार्यापर्यंत सर्वांचीच ओढाताण होते.

जुनी माणसे अशा वेळी माती उकरून ओल किती खोल गेली आहे ते पाहतात. ही परीक्षा उत्तम आहे. तिला कोणी हसू नये. कृषिखातेही हीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगते: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये. त्याचे कारण साधे आहे. थोड्या पावसाने वरची माती भिजते, बी फुगते आणि कोंबही येतो. पण मूळ खाली सरकते तो त्याला कोरडी माती भेटते. तेवढ्यात ऊन पडले की रोप माना टाकते. म्हणजे अपुरा पाऊस हा मुळीच न पडलेल्या पावसाहून अधिक फसवा असतो.

पण ७५ मिलिमीटर झाले की नाही, हे सांगणार कोण? 'रात्री धो धो कोसळला' हे काही माप नव्हे. पत्र्याच्या घरात झोपलेल्याला पाऊस नेहमीच जास्त वाटतो आणि धाब्याच्या घरात झोपलेल्याला कमी. म्हणून तो मोजला पाहिजे. आपल्या देशाला ही कल्पना नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी एक हात रुंद तोंडाचे कुंड ठेवून पाऊस मोजावा असे सांगितले आहे. इतकेच नव्हे, तर जांगल म्हणजे कोरड्या प्रदेशात सोळा द्रोण, अवंती देशात तेवीस द्रोण, अशी पावसाची प्रमाणे देऊन पावसाच्या मानाने कोणते पीक पेरावे ते ठरवावे, असेही त्यात म्हटले आहे.

आता आपला डबा कसा असावा, ते पाहू. त्याचे तळ सपाट आणि बाजू सरळ उभ्या असाव्यात. बादली चालत नाही. बादलीचे तोंड रुंद व तळ अरुंद असल्यामुळे वर जास्त पाणी गोळा होते आणि खाली ते उंच दिसते. साहजिकच पाऊस आहे त्याहून अधिक भरतो. सरळ बाजूंचा डबा मात्र लहान असो की मोठा, एकाच पावसात सर्व डब्यांत पाण्याची उंची सारखीच येते. हे तुम्हांस पटत नसेल, तर दोन वेगवेगळे डबे शेजारी ठेवून अवश्य पाहा.

डबा मोकळ्या जागी ठेवावा. झाड किंवा घर जेवढे उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. डब्याचा काठ जमिनीपासून सुमारे एक फूट उंच असावा, म्हणजे जमिनीवरून उडालेले शिंतोडे आत जाणार नाहीत. वाऱ्याने तो पडू नये म्हणून भोवती दगड रचावेत. कोंबड्या व कुत्री यांचाही बंदोबस्त करावा लागतो. त्यांना आपल्या शास्त्राशी काही कर्तव्य नसते, त्यांना तहान लागलेली असते! रोज सकाळी साडेआठ वाजता कोरडी पट्टी डब्यात उभी धरावी आणि ती किती मिलिमीटर भिजली ते वाचावे. पुष्कळ पट्ट्यांवर शून्याची रेघ कडेपासून थोडी आत असते. तेवढे अंतर मोजून मिळवावे. मग पाणी ओतून डबा रिकामा करावा. साडेआठच का? हवामानखात्याच्या केंद्रांवर दिवसाचा पाऊस याच वेळी मोजून लिहितात, आणि वेळ एकच असली म्हणजे आपली नोंद त्यांच्या नोंदीशी ताडून पाहता येते. पाऊस नसेल त्या दिवशीही वहीत शून्य लिहिलेच पाहिजे. हवामानखाते अडीच मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झालेल्या दिवसासच पावसाचा दिवस मानते, हेही ध्यानात ठेवावे.

मिलिमीटर हे माप फारच चिमुकले वाटते. पण एक मिलिमीटर पाऊस एक गुंठा जमिनीवर पडला, तर सुमारे शंभर लिटर पाणी होते. चाळीस गुंठ्यांच्या एका एकरावर तेच चार हजार लिटर भरते. आता वीस मिलिमीटरांचा हिशेब तुम्हीच करा.

कोणी म्हणेल, "आता मोबाईलवर हवामानाचा अंदाज येतो, महसूल मंडळात स्वयंचलित यंत्रेही बसविली आहेत, मग डबा कशाला?" अंदाज जरूर वाचावा. परंतु अंदाज पुढे काय घडेल ते सांगतो आणि डबा काय घडले ते सांगतो. शिवाय एका मंडळात अनेक गावे असतात आणि पाऊस काही गावांच्या यादीप्रमाणे पडत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तर त्याच शहराच्या दक्षिण टोकास कुलाबा येथे सुमारे ७३ मिलिमीटरच झाला. सातारा जिल्ह्याचेच पाहा. पश्चिमेकडे महाबळेश्वरला वर्षास पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेकडे माण तालुक्यात त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा.

याच माणदेशातील एका शाळेत मी शिकवीत असताना सातवीच्या एका मुलाने असा डबा मांडला होता. जूनमधील एका सकाळी त्याच्या वहीत ३१ मिलिमीटरांची नोंद झाली. दोन दिवसांनी आणखी ७ मिलिमीटर. गावात पेरणीची धांदल उडाली. त्याच्या वडिलांनीही बाजरीचे बियाणे बाहेर काढले. मुलगा म्हणाला, "दादा, एकूण अडतीसच झालाय." वडील म्हणाले, "सगळं गाव पेरतंय, आणि आपण डब्याकडं बघत बसायचं?" त्यांचेही चुकत नव्हते. ज्याच्या डोक्यावर घर चालविण्याचा भार असतो, त्याला घात गमावण्याचे भय वाटणारच. शेवटी आजोबा काही न बोलता खुरपे घेऊन रानात गेले. ओढ्याकाठच्या काळ्या जमिनीत ओल बरी होती. माळाच्या मुरमाड तुकड्यात ती जेमतेम सहा-सात बोटे उतरली होती. परत येऊन ते मुलाला म्हणाले, "तुझा डबा आणि माझं खुरपं एकच सांगतंय." मग ओढ्याकाठचा तुकडा तेवढा पेरायचा आणि माळ राखून ठेवायचा, असे ठरले.

पुढे सतरा दिवस वहीत शून्याखेरीज काही नव्हते. माळावरील शेजाऱ्यांची बाजरी करपली. ओढ्याकाठची विरळ झाली, पण तगली, आणि त्या घरी वैरण इतरांच्या आधी आली. तेव्हा वडिलांची घाईही अगदीच वाया गेली नाही. जूनअखेरीस दोन दिवसांत ५२ मिलिमीटर पाऊस झाल्यावर माळाची पेरणी झाली. डब्याने काही पाऊस पाडला नाही. दुबार बियाण्याचा एका तुकड्यापुरता खर्च मात्र वाचविला. आणि एक गंमत सांगण्याजोगी आहे. त्यानंतर सकाळी साडेआठला त्या डब्यापाशी मुलाच्या आधी वडीलच उभे असत.

एका वर्षाची वही थोडेच सांगते. पाच-सात वर्षांच्या वह्या शेजारी ठेवल्या, की आपल्या शिवारात जूनचा पाऊस किती वेळा दगा देतो, दोन पावसांत किती दिवसांचा खंड पडतो, परतीच्या पावसावर किती विसंबावे, हे दिसू लागते. म्हणून वही भरली तरी ती रद्दीत घालू नये.

त्या मुलाच्या वर्गातील एका मुलीला हा छंद पावसाळ्यापुरताच असल्याचे फार वाईट वाटे. तिने विहीर धरली. एका दोरीला हातहात अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि दर बाजाराच्या दिवशी काठापासून पाण्यापर्यंत किती हात भरतात, ते ती लिहू लागली. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव सबंध गावाच्या पाण्याचा असाच जमाखर्च दरवर्षी मांडते. किती पाऊस पडला, त्यातून पिण्यास किती, जनावरांस किती, हे पाहून उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावयाची ते ग्रामसभेत ठरते. या मुलीचा जमाखर्च एका विहिरीचा होता, इतकेच. दिवाळीच्या सुट्टीत तिच्या घरी गहू पेरावा की हरभरा, अशी चर्चा निघाली. गव्हाला पाच-सहा पाणी लागतात, हरभरा दोन पाण्यांवर येतो. तिने दोन्ही वर्षांच्या वह्या आईपुढे ठेविल्या. मागील दिवाळीला दोरी नऊ हातांवर भिजली होती, या दिवाळीला ती बारा हातांवर भिजत होती. आईने आकडे दोनदा विचारून घेतले आणि रात्री तिच्या वडिलांपाशी गोष्ट काढली. त्या वर्षी त्या घरी गहू बाजारातून आला. हरभरा मात्र घरचा होता, आणि मार्चअखेरपर्यंत गुरांना विहिरीचे पाणी पुरले.