घरातल्या जुन्या चित्राचं मूल्यांकन कसं करून घ्यावं

जुन्या घरातल्या भिंतीवरच्या चित्रांकडे लक्ष जातं ते बहुधा वाटणी निघाली की, किंवा वाडा पुनर्विकासाला द्यायचा म्हणून सामान बांधायला घेतलं की. तेव्हा सगळ्यांनाच घाई असते, आणि घाईत कुणीतरी ओळखीचा माणूस भिंतीकडे पाहून एक आकडा सांगून जातो. तो आकडा ना प्राप्तिकर खात्यात चालतो, ना विमा कंपनीत, ना कोर्टात. त्या त्या ठिकाणी चालणारं मूल्यांकन करून घेता येतं, पण त्याला क्रम आहे.

सर्वांत आधी मूल्यांकन कशासाठी हवं ते एका ओळीत लिहून काढा. एकाच चित्राच्या एकाच दिवशी वेगवेगळ्या किमती असू शकतात, आणि त्या सगळ्या खऱ्या असतात. विम्यासाठी पाहतात ती भरपाईची किंमत: चित्र जळालं किंवा चोरीला गेलं तर तसंच दुसरं बाजारातून आणायला काय पडेल. ती साहजिकच चढी असते. करासाठी आणि वाटणीसाठी लागतं वाजवी बाजारमूल्य, म्हणजे घाई नसलेला विकणारा आणि माहीतगार घेणारा ज्या रकमेला तयार होतील ती. त्यातही तारीख महत्त्वाची. विम्याला आजची किंमत लागते, वाटणीला वारसांनी ठरवलेल्या दिवसाची, आणि कराला पुष्कळदा १ एप्रिल २००१ ची. म्हणून विम्यासाठी केलेला अहवाल वाटणीच्या बैठकीत पुढे करू नये. ज्याच्याकडे चित्र जाणार त्याच्या हिश्शातून जास्त रक्कम वजा होते आणि भांडण तिथेच सुरू होतं.

मग चित्र नेमकं काय आहे ते पाहा. आपल्याकडे या टप्प्यावर सर्वांत जास्त घोळ होतो, आणि त्याचं कारण राजा रविवर्मा. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती, दमयंती, शकुंतला घरोघरी पोचल्या. ती छापील चित्रं, म्हणजे ओलिओग्राफ. त्यांवर वार्निश चढवून तैलचित्राची झाक आणलेली असे, आणि काही कुटुंबांतल्या बायकांनी वर जर-टिकल्यांचं कामही केलेलं आहे. ‘आमच्याकडे ओरिजनल रविवर्मा आहे’ असं जेव्हा घरचे सांगतात, तेव्हा बहुतेक वेळा तो ओलिओग्राफ असतो. त्यालाही किंमत आहे, पण ती हजारांत, क्वचित लाखांत. तैलचित्राची कोटींत जाते.

ओळखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक टॉर्च पुरे. भिंग देवीच्या गालावर धरा. लहानमोठे, विस्कळीत ठिपके दिसले तर दगडावरून केलेली जुनी छपाई. ठिपके एकसारखे, ओळीने, बारीक फुलांसारखे रचलेले दिसले तर अलीकडची ऑफसेट प्रत, म्हणजे जवळपास शोभेची वस्तू. आता टॉर्च भिंतीला समांतर, तिरपा धरा. तैलचित्रात कुंचल्याचे उंचवटे दिसतात आणि ते आकाराच्या वळणाप्रमाणे फिरतात. छापील चित्रात उंचवटे असलेच तर ते रेखाटनाशी जुळत नाहीत. मागे कॅनव्हास आहे एवढ्यावर भुलू नका, छापील कागद कॅनव्हासवर चिकटवण्याची पद्धत होती. खालच्या कडेला चित्राचं नाव आणि छापखान्याचं नाव छापलेलं असतं. पण फ्रेममध्ये बसावं म्हणून फ्रेमवाल्यांनी कितीतरी चित्रांची ती कड कापून टाकली आहे. ती शाबूत असेल तर किमतीत फरक पडतो.

हे पाहताना चित्र पुसू नका. ओला फडका, बटाट्याची फोड, खोबरेल, घरगुती उपाय म्हणून जे काही ऐकलं असेल ते काहीही नको. मागचा तपकिरी कागद, जुने खिळे, फ्रेमवाल्याच्या दुकानाची चिठ्ठी, प्रदर्शनाचं लेबल, पेन्सिलीने लिहिलेला नंबर, हे सगळं पुरावा आहे. १८८८ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी प्रदर्शनं भरवत आली आहे. धुरंधर, हळदणकर, त्रिंदाद या चित्रकारांच्या काळातल्या चित्रामागे असं एखादं लेबल टिकून असेल तर ते चित्राच्या सहीइतकंच बोलतं. सही खोटी घालणं सोपं असतं, ऐंशी वर्षांचं लेबल घालणं तेवढं सोपं नाही. सफाई करायचीच असेल तर मूल्यांकनानंतर, आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या जतन विभागासारख्या जाणत्या ठिकाणी विचारून.

आता फाइल तयार करा. फ्रेम सोडून उंची आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये, उंची आधी. दिवसाच्या उजेडात फ्लॅश न वापरता काढलेले फोटो: समोरून, मागून, सही, आणि प्रत्येक फाटलेली-तडकलेली जागा. जुनी पावती, पत्र, मृत्युपत्राची प्रत, ज्यात भिंतीवर हे चित्र दिसतं असा लग्नातला फोटो. आणि सर्वांत मोलाचं म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांचं निवेदन: चित्र कुणी आणलं, कुठून, साधारण कधी. ते तारीख घालून, सही घेऊन ठेवा. आजी गेल्यावर ही माहिती कितीही पैसे मोजून मिळत नाही.

किमतीकडे वळण्याआधी कायदा बघावा लागतो. पुरावस्तू व कलानिधी कायदा १९७२ चा, लागू झाला १९७६ मध्ये. शंभर वर्षं झालेलं चित्र, शिल्प किंवा इतर कलावस्तू पुरावस्तू ठरते. हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षं पुरतात. जुनी चित्रं, धातूच्या आणि दगडाच्या मूर्ती अशा ठरावीक प्रकारांची पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते, आणि मालकी किंवा ताबा बदलला की तेही कळवावं लागतं. शिवाय रविवर्मा, अमृता शेरगिल, रवींद्रनाथ ठाकूर यांच्यासह नऊ चित्रकारांची कामं ‘कलानिधी’ म्हणून जाहीर आहेत. पुरावस्तू असो वा कलानिधी, खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. सापडल्यास किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि वर दंड. अमेरिकेतल्या बहिणीच्या वाट्याला चित्र आलं तर ते तिच्या बॅगेत घालण्याआधी पुरातत्त्व खात्याकडून ते पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र लागेल. या निर्बंधामुळे किंमतही बदलते, कारण गिऱ्हाईक देशातलंच राहतं. अहवालात त्याचा उल्लेख असायलाच हवा.

मूल्यांकनकार निवडताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. प्राप्तिकराच्या कामासाठी नोंदणीकृत व्हॅल्युअर लागतो, आणि ती नोंदणी वर्गवार असते: जमीन-इमारतीची वेगळी, दागिन्यांची वेगळी, कलाकृतींची वेगळी. फ्लॅटची किंमत काढून देणाऱ्याचा शिक्का चित्राच्या अहवालावर उपयोगाचा नाही. नोंदणी क्रमांक आणि वर्ग मागून घ्या. या काळातली, या शैलीतली किती चित्रं हाताळलीत ते विचारा. शुल्क आधी लेखी ठरवा, ठोक रकमेत ठरलं तर उत्तम. आणि जो ‘किंमत मी सांगतो, पटली तर मीच घेतो’ म्हणतो, त्याला चहा पाजून निरोप द्या. विकत घेणाऱ्याचं मूल्यांकन तुमच्या बाजूचं असूच शकत नाही.

व्हॅल्युअरने चित्र प्रत्यक्ष, फ्रेममधून काढून पाहिलं पाहिजे. नुसत्या व्हॉट्सॲपच्या फोटोंवरून दिलेला अहवाल कोर्टातल्या उलटतपासणीत टिकणं अवघड. अहवालात कोणत्या कारणासाठी, कोणत्या तारखेची, कोणत्या प्रकारची किंमत हे पहिल्याच पानावर हवं. पुढे वर्णन, माप, स्थिती, मालकीचा इतिहास, आणि तुलनेला घेतलेले व्यवहार. ही तुलना नीट वाचा. शेरगिलचं ‘द स्टोरी टेलर’ २०२३ मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात ६१.८ कोटींना गेलं, ही बातमी तुमच्या दिवाणखान्यातल्या जलरंगाला लागू होत नाही. त्याच चित्रकाराचं, त्याच माध्यमातलं, साधारण त्याच आकाराचं काम कितीला गेलं तेवढंच ग्राह्य. लिलावाच्या जाहीर आकड्यात बहुधा खरेदीदाराने लिलावगृहाला दिलेली रक्कमही मिळवलेली असते, ती विकणाऱ्याच्या हाती पडत नाही. चित्र अमक्याचंच आहे की अमक्याचं म्हणून सांगितलं जातं, हेही अहवालात स्वच्छ लिहिलेलं असावं. अस्सलपणाची खात्री हे वेगळं काम आहे; शंका असेल तर त्या चित्रकाराच्या अभ्यासकाचं मत स्वतंत्र घ्या.

कराचा हिशेब पुष्कळांना चकवतो. घरातलं फर्निचर विकलं तर भांडवली नफ्याचा प्रश्न येत नाही, पण चित्र, शिल्प, कलाकृती त्या सवलतीतून वगळलेल्या आहेत. वारशाने चित्र मिळालं तेव्हा कर नाही. विकलं की आहे. समजा, आजोबांनी दोनशे रुपयांना घेतलेलं चित्र आज दहा लाखांना गेलं. २००१ पूर्वी घरात आलेल्या वस्तूला १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य खर्च म्हणून धरता येतं. नोंदणीकृत व्हॅल्युअरने ते चार लाख दाखवलं तर नफा सहा लाख आणि साडेबारा टक्क्यांनी कर पंचाहत्तर हजार, अधिक उपकर. अहवालच नसेल तर कर जवळजवळ सव्वा लाखावर जातो. मात्र २००१ ची किंमत त्याच सुमाराच्या लिलावांच्या नोंदींवरून काढलेली हवी, आजच्या किमतीतून अंदाजाने मागे जाऊन नव्हे. अधिकाऱ्याला शंका आली तर तो खात्याच्या व्हॅल्युएशन ऑफिसरकडे प्रकरण पाठवू शकतो. नातेवाईक नसलेल्या कुणी पन्नास हजारांहून जास्त किमतीचं चित्र भेट दिलं, तर घेणाऱ्यालाच कर लागतो, तिथेही हा अहवाल लागतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, ते सीएकडून तपासून घ्या.

विम्याचं तुलनेने सोपं. २०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत चित्रं आणि पुरावस्तू मौल्यवान वस्तूंमध्ये येतात. त्यांचा विमा वेगळा मागून, आधी ठरवलेल्या किमतीवर घ्यावा लागतो. एक वस्तू एक लाखाच्या आत आणि एकूण रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर मूल्यांकनाच्या दाखल्याची सूट मिळते, त्यापुढे दाखला लागतो. बुरशी, वाळवी, ओल यांनी हळूहळू झालेलं नुकसान बहुतेक पॉलिसींत बसत नाही. कोकणातल्या आणि मुंबईतल्या घरांनी हे कलम सही करण्याआधी वाचावं.

वाटणीसाठी सगळ्या वारसांनी सह्या करून एकच व्हॅल्युअर नेमावा, किमतीची तारीख आधी ठरवावी आणि अहवाल सर्वांना एकाच दिवशी द्यावा. प्रकरण कोर्टात गेलंच तर तो तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभा राहील का, हे नेमतानाच लेखी घ्या.

अहवालाची मूळ प्रत लॉकरमध्ये, स्कॅन दोन ठिकाणी. विम्याचं मूल्यांकन तीन ते पाच वर्षांनी नवं करावं लागतं. २००१ च्या किमतीचा अहवाल एकदाच करावा लागतो. त्या काळचे लिलाव पाहिलेली माणसं अजून कामात आहेत तोवर तो करून ठेवा, चित्र विकायचं मनात नसलं तरी.