ओवीच्या शेजारची खुर्ची

नेपरव्हिल,
१७ ऑक्टोबर २०२३

चि. निनाद,

शनिवारी ओवीला टेलर स्विफ्टच्या ‘द इराज टूर’ चित्रपटाला नेतो आहेस, हे फार चांगलं केलंस. पण ‘तिला आणि मैत्रिणीला आत बसवून मी बाहेर लॅपटॉप उघडतो’ हे मला अजिबात पटलेलं नाही. फोनवर तू घाईत होतास, म्हणून लिहिते. तू आत जा. २ तास ४८ मिनिटं तिच्या शेजारी बस.

आजवर ओवीला जे आवडलं, ते बहुतेक तू किंवा सायलीने तिच्यापुढे ठेवलेलं होतं. तबला तुझ्या हौसेचा, पोहणं सायलीच्या. ही गायिका तिची तिने शोधली. नवव्या वर्षी स्वतःहून जीव लावलेली ही पहिली गोष्ट, आणि तिच्याशी बाबा कसे वागतात हे ती बघते आहे. तू बाहेर बसलास तर ती रुसणार नाही, काही बोलणारही नाही. पण पुढे चौदाव्या-पंधराव्या वर्षी आपल्याला आवडलेलं गाणं, पुस्तक किंवा एखादा मुलगा बाबांना सांगायचा की नाही, हे असल्या शनिवारांवरच ठरतं रे.

मी परवा आमच्या रियाबरोबर पाहून आले. पोरी खुर्चीत टिकत नाहीत. पडद्यापुढच्या मोकळ्या जागेत जाऊन नाचतात, गाणी सगळी तोंडपाठ. गायला-नाचायला थिएटरवाल्यांचीच मुभा आहे, तेव्हा कुणाला गप्प करू नकोस. मध्यंतर नाही. आवाज दणदणीत असतो, ओवीसाठी इअरप्लग ने. काही गाण्यांत शिव्या आहेत, खुर्च्यांवरचा एक नाच जरा मादक आहे. तेव्हा तिचे डोळे झाकू नकोस आणि मुद्दाम खोकूही नकोस. ती गाणी तिने कधीच ऐकलेली आहेत. काही विचारलं तर सरळ उत्तर दे.

तिथे जाणकार ती आहे, हे मनापासून मान. कुठला पोशाख कुठल्या अल्बमचा, हे तिला विचार आणि ती सांगेल ते लक्षात ठेव. तुझ्याही ओळखीचं काही पडद्यावर येईल. ‘२२’ या गाण्याच्या वेळी टेलर डोक्यावरची हॅट काढून समोरच्या एका लहान मुलीला देते. ती बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटची लेक. कोबीचं पोस्टर तुझ्या खोलीत किती वर्षं होतं! ओवीला तो कोण हे कुठून ठाऊक असणार? तेवढं तू सांग. ‘मार्जोरी’ हे गाणं टेलरने आपल्या आजीवर लिहिलं आहे. मार्जोरी फिनली ऑपेरा गात असत, आणि मूळ ध्वनिमुद्रणात त्यांचाही आवाज वापरलेला आहे. मला तिथे ताईची फार आठवण झाली. तिच्या गाण्याच्या कॅसेट तुझ्याकडे आहेत ना? ओवीने आपल्या आजीचा आवाज ऐकला आहे का?

तू म्हणालास, सगळा पैशाचा खेळ आहे. पैसा आहेच. पहिल्याच आठवडाअखेरीस अमेरिकेत ९ कोटी डॉलरहून जास्त गल्ला जमला. मोठ्यांचं तिकीट १९.८९ डॉलरचं, कारण टेलरचा जन्म १९८९ चा आणि त्याच नावाचा अल्बमही. हा व्यापार ओवीला जरूर दाखव. पण मे महिन्यात मेटलाइफ स्टेडियमवर टेलरचा जो प्रत्यक्ष कार्यक्रम झाला, त्याची तिकिटं पुनर्विक्रीत हजारो डॉलरला गेली होती. तू ती घेतली नाहीस ते योग्यच होतं. तोच कार्यक्रम, ऑगस्टमध्ये सोफाय स्टेडियमवर चित्रित केलेला, आता वीस डॉलरच्या आत बघायला मिळतो आहे.

आणि मालकीची गोष्ट. टेलरच्या पहिल्या सहा अल्बमांच्या मूळ ध्वनिमुद्रणांचे हक्क २०१९ मध्ये दुसऱ्याच्या हाती गेले. तेव्हा तिने ते अल्बम नव्याने गायला घेतले. ‘फिअरलेस’ आणि ‘रेड’ २०२१ मध्ये आले, ‘स्पीक नाऊ’ यंदाच्या जुलैत, ‘१९८९’ येत्या २७ तारखेला येतो आहे. या नव्या अल्बमांच्या नावातले ‘टेलर्स व्हर्जन’ हे शब्द ओवीच्या तोंडी सतत असतात, त्यामागचं कारण तिला कुणी समजावलं नसेल. आपण केलेलं काम कुणाच्या नावावर असतं, हे तुझ्यासारख्या प्रोग्रॅमरइतकं नीट कोण सांगणार? परतताना गाडीत तिने विषय काढला तर बोल. तिने नाही काढला तर तिला गाऊ दे.

मला एक उणीव जाणवली. या चित्रपटात मंचामागचं जवळजवळ काहीच नाही. घाम, तालमी, मंच उभारणारी माणसं दिसत नाहीत. टेलरला जेवढं दाखवायचं होतं तेवढंच आपण बघतो. ट्रक चालवणाऱ्यांना तिने प्रत्येकी १ लाख डॉलर बोनस दिल्याच्या बातम्या ऑगस्टमध्ये आल्या होत्या. हा एवढा डोलारा गावोगाव कोण नेत असेल, असं ओवीला विचारून बघ. मुलांना असे प्रश्न आवडतात.

खेळ गुरुवार ते रविवारच असतात, म्हणून तिकिटं आजच काढ. सायली सांगत होती, ओवी मैत्रिणींसाठी मण्यांची ब्रेसलेट ओवते आहे. तुझ्यासाठीही एक करायला सांग आणि ते घालूनच जा. तिथे एखाद्या अनोळखी मुलीने अदलाबदल मागितली तर खुशाल कर, तशी पद्धतच आहे. दिवाळीला इकडे याल तेव्हा रिया तुला सगळ्या अल्बमांचा क्रम विचारणार आहे. तो ओवीकडून शिकून ये.

तुझी,
मीनामावशी