होडीचे जुने इंजिन चालू करताना



सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठच्या अक्कलकुवा भागातील काही पाड्यांवर आम्ही होडीनेच जातो. गेल्या पावसाळ्यात एका बाळंतिणीला वल्ही मारत आणले. तीन तास लागले. म्हणून एका हितचिंतकांनी दिलेले १९५८ चे, १० अश्वशक्तीचे जॉन्सन इंजिन उघडले.

आल्याआल्या दोरी ओढली, ही माझी पहिली चूक. आधी दोन्ही प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, रात्रभर ठेवावे, मग फ्लायव्हील हाताने फिरवावे.

पुढे ठिणगी. पेट्रोल दूर ठेवून प्लग इंजिनच्या धातूला टेकवला, दोरी ओढली, काहीच नाही. फ्लायव्हीलखालचे पॉइंट काळे पडले होते. ते बारीक पॉलिश पेपरने घासले, तडकलेल्या कॉइल बदलल्या, तेव्हा निळी ठिणगी दिसली. कार्बोरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा थर होता. त्यातली छिद्रे तारेने कोरू नयेत, मोठी होतात.

सर्वांत जपायचा तो पाण्याचा पंप. त्यातली रबरी फिरकी वाळून तुटली होती, आणि इंजिन थंड राहते ते तिच्यामुळेच. नवी बसवूनसुद्धा चाचणी पाण्याच्या पिंपात इंजिनाचा पाय बुडवूनच घ्यावी. पेट्रोल २४ भाग, टू-स्ट्रोक ऑइल १ भाग. हल्लीचे ५० ला १ प्रमाण या म्हाताऱ्याला पुरत नाही.

अकराव्या ओढीला धूर ओकत ते सुरू झाले. नावाडीदादा म्हणाले, "भाऊ, आता वल्ही घरी ठेवू?"

"नको दादा, होडीतच असू द्या."