चित्रातील लहानमोठेपणा

विरारच्या जीवदानी डोंगरावरून घेतलेल्या छायाचित्रात मधला पट्टा स्पष्ट ठेवून वरचा व खालचा भाग क्रमाने अंधुक केला, तर खालचे खरे शहर मेजावर मांडलेल्या खेळण्यांसारखे भासते. भिंग जवळच्या वस्तूवर रोखले की तिच्या पुढचे-मागचे अंधुक होते. दूरच्या दृश्यात असे सहसा घडत नाही. म्हणून अंधुकपणा दिसताच मन ते दृश्य जवळचे, अर्थात लहान समजते. खेळणी आपण वरूनच पाहतो, त्यामुळे उंचावरील दृष्टीही या भ्रमास साहाय्य करते.

यासाठी भिंग कलते ठेवतात. त्यामागील नियम ऑस्ट्रियाचे थिओडोर शाइमफ्लुग यांनी १९०४ च्या सुमारास मांडला, तो आकाशातून घेतलेली छायाचित्रे निर्दोष करण्यासाठी. अचूकतेसाठी योजिलेले साधन भ्रमासही उपयोगी पडले.

वर्गातील प्रयोग : मुलांनी एक डोळा मिटून दुसऱ्यासमोर वीतभर अंतरावर पेन्सिल धरावी व तिच्या टोकाकडे पाहावे. मागील फळा अंधुक दिसेल. नंतर फळ्याकडे पाहावे. पेन्सिल अंधुक होईल. मग शिक्षकांनी विचारावे, “चित्रातील वस्तू लहान हे कशावरून ठरविले?”

आज मोबाइलवरील चित्रे मुलांसमोर नित्य येतात. अंतर विचारल्यावाचून आकार ठरवू नये, ही सवय त्यांना शाळेतच लागली पाहिजे.