हळद, चिंच आणि चुलीची आच

जिवंत वनस्पतीला उन्हाचा ताप वा थंडीचा कडाका सोसावा लागला म्हणजे तिच्यातील औषधी द्रव्यांचे प्रमाण बदलते. ते कधी वाढते, कधी घटते. परंतु ती खुडून, वाळवून तिची पूड केली की नवे द्रव्य घडविण्याचे तिचे सामर्थ्य संपते. त्यापुढे उष्णतेने जे नष्ट होईल, त्याची भरपाई होणे नाही. मग स्वयंपाकघरात या द्रव्यांची काय गत होते?

म्हैसूर येथे 1950 साली स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत हा प्रश्न प्रयोगाने तपासण्यात आला. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, शिजविल्यावर हळदीतील कर्क्युमिन शेकडा 27 ते 53 इतके घटले, मिरचीतील कॅप्सायसिन शेकडा 18 ते 36 आणि काळ्या मिरीतील पायपरिन शेकडा 16 ते 34. सर्वाधिक हानी प्रेशर कुकरमध्ये झाली. हळदीला तेथे अवघी 10 मिनिटे पुरली. यात नवल नाही. उघड्या भांड्यात पाणी सुमारे 100 अंश सेल्सिअसला उकळते व त्याहून फारसे तापत नाही. कुकरमध्ये कोंडलेली वाफ तेच उष्णतामान 120 अंशांच्या आसपास नेते.

खरी लक्षणीय गोष्ट पुढेच आहे. हळदीबरोबर चिंच असता कर्क्युमिनची हानी शेकडा 12 ते 30 एवढीच भरली. कर्क्युमिन आम्लाच्या सहवासात टिकून राहते, अल्कलीच्या सहवासात मात्र झपाट्याने विघटन पावते. कपड्यावरील हळदीचा पिवळा डाग साबण लागताच तांबडा होतो, तो याच द्रव्याच्या रेणूत अल्कलीने घडविलेला पालट होय. मिरीलाही चिंचेने थोडा आधार दिला. मिरचीवर तिचा काहीच परिणाम दिसला नाही.

समजा, एक चमचा हळदीत 120 मिलिग्रॅम कर्क्युमिन आहे. शेकडा 53 हानी झाल्यास सुमारे 56 मिलिग्रॅम उरेल. शेकडा 30 झाल्यास 84.

येथे एक अडचण सुगृहिणीच्या ध्यानी येईल. डाळ शिजण्यापूर्वी चिंच घातली तर आम्लामुळे डाळ लवकर मऊ होत नाही. म्हणून चिंच कुकरमध्ये न घालता आमटीला उकळी येताना घालतात. तेव्हा हळदही डाळीबरोबर कुकरमध्ये न घालता, मागाहून चिंचेच्या कोळासोबत आमटीत घालणे अधिक सयुक्तिक दिसते.